रान काय पळून जातंय?

मित्रांनो, मी एक जुनी तिवई आहे. तिवई म्हटल्याबरोबर तुमच्या डोळ्यांसमोर चहाच्या कपबश्या ठेवायचं बुटकं टेबल आलं असेल, तर ते आधी बाजूला सारा. मी ती नव्हे. मी उभी तिवई, कॅमेऱ्याला डोक्यावर घेऊन उभी राहणारी. पाय तीन, सगळे सागवानी. प्रत्येकाच्या टोकाला लोखंडी अणी, डोक्यावर पितळी चकती. एका पायाला तार गुंडाळलेली दिसेल, पण तिच्याकडे निरखून बघू नका. म्हाताऱ्या बाईच्या दुखऱ्या पायाकडे टक लावून बघणं बरं दिसत नाही.

मला आयुष्यात एकच काम आलं, ते म्हणजे उभं राहणं. तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठंसं? बरं, मग राहून दाखवा की! जराही न हलता, न खाजवता, घड्याळाकडे न बघता. जमत नाही ना? मग ऐका गुमान.

मला कागलच्या केरबा सुतारानं घडवलं. साठ सालच्या पुढची गोष्ट. त्याच्या अंगणात चिंचेची गार सावली होती. रंधा चालायला लागला की माझ्या पायांवरून कुरळी सालपटं उडायची आणि त्याची नात ती कानांत अडकवून मिरवायची. पाय जोडून झाल्यावर केरबानं मला जमिनीत रोवलं, माझ्या डोक्यावर पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला आणि स्वतः तंबाखू मळत समोर बसला. वारा आला, गेला. तांब्यातलं पाणी हललं नाही. "जमली," केरबा म्हणाला. एवढंच माझं बारसं.

पण मला बनवलं होतं जमिनीच्या मोजणीसाठी. माझ्या डोक्यावर एक चौकोनी फळी बसायची, फळीवर कागद, आणि कागदावर एक डोळा मिटून बघणारा मोजणीदार. कागल म्हणू नका, शाहूवाडीचे डोंगर म्हणू नका, सगळीकडे मी फिरले. खरं सांगू? ती वर्षं मला आवडली नाहीत. मी बांधावर उभी राहिले की तण भांगलणाऱ्या बाया बोलायच्या थांबत. भाऊ भावाकडे तिरका बघे. पोरं आईच्या लुगड्यामागं लपत. माणसं म्हणत, "आलं तिकाटणं. आता कुणाचं काय जातंय बघा." मी काही केलेलं नसायचं हो, नुसती उभी असायची! पण मी लहान होते, जग बघितलेलं नव्हतं. मला वाटायचं, माणसाचा चेहरा असाच असतो, पडलेला.

पुढं एकदा शाहूवाडीकडं भाताच्या निसरड्या बांधावरून मी घसरले आणि माझा एक पाय चिरला. चिरलेल्या पायाची तिवई मोजणीला चालत नाही. अडगळीत पडले, मग भंगारात गेले, आणि एके दिवशी कोल्हापुरातल्या जुन्या बाजारात, एका फुटक्या घंगाळाला टेकून, गिऱ्हाईकाची वाट बघत बसले. तिथं मला नंदिनी भेटली.

नंदिनी म्हणजे मंगळवार पेठेतल्या त्र्यंबक मास्तरांची बायको. तिचे वडील, त्यांना सगळे दादा म्हणत, कोल्हापुरात सिनेमाच्या स्टुडिओत कॅमेऱ्यानं स्थिरचित्रं काढायचे. जाताना त्यांनी लेकीला आपला घडीचा कॅमेरा दिला. लेकीला नजर बापाची मिळाली होती, पण हात नव्हता मिळाला. लहानपणी विषमज्वर झाला तेव्हापासून तिचा उजवा हात बारीक कापायचा. तिच्या हातात चहाची बशी किणकिणत राहायची. तिनं काढलेला प्रत्येक फोटो डोळ्यांत पाणी असताना बघितल्यासारखा यायचा, सगळं हललेलं. मला बघितलं आणि ती घंगाळासमोर मटकन खालीच बसली.

"अहो, ही बघा! स्टँड!"

मास्तरांनी चष्मा वर केला. "अगं, हे मोजणीचं दिसतंय. आपल्या काय कामाचं?"

"असू दे मोजणीचं," नंदिनी म्हणाली. "आता तिनं काही मोजायचं नाही."

हे वाक्य ऐकलं आणि माझ्या तिन्ही पायांतून काहीतरी सरसरत गेलं बघा. मास्तरांनी मला घरी नेलं, चिरलेल्या पायाला तांब्याची तार घट्ट गुंडाळली, चकतीत कॅमेऱ्याचा स्क्रू बसवून आणला. मी दुसऱ्यांदा जन्मले.

आणि मग सुरू झाले आमचे रविवार. काय सांगू तुम्हांला त्या रविवारांचं! मास्तर गणिताचे. आठवडाभर सकाळी शिकवणी, मग शाळा, संध्याकाळी पुन्हा शिकवणी. माणूस सोन्यासारखा, पण घड्याळाला बांधलेला. मात्र रविवारी पहाटे ते मला सायकलच्या दांडीला बांधत, नंदिनी मागं कॅरिअरवर बसे, कॅमेरा पदराखाली, आणि आम्ही निघत असू. लांब नाही हं. कधी रंकाळा, कधी पंचगंगेचा घाट, कधी टेंबलाईची टेकडी. परत यायचं तेव्हा पेठेतल्या कट्ट्यावर अजून म्हशींचं दूध पिळणं चाललेलं असे.

रंकाळ्यावर पहिल्यांदा उभी राहिले ती सकाळ मी अजून विसरलेले नाही. पाणी धुक्याच्या गोधडीत झोपलेलं होतं. तलावातला दगडी संध्यामठ पाण्यावर नुसता ठेवून दिल्यासारखा दिसत होता, खाली काही आधारच नाही. मी घाबरत पाय टेकले. आता चेहरे पडणार, मला वाटलं. तेवढ्यात धुक्यातून म्हशी धुणारा एक गडी ओरडला, "वहिनी, आमच्या म्हशीचा बी घ्या की एक! नटून आलीया!" आणि तो हसला. काठावरचे जोर मारणारे पैलवान हसले, नंदिनी हसली. मी उभी राहिल्यामुळं माणसं हसली! मला पहिल्यांदा कळलं की माणसाचा चेहरा उमलतोसुद्धा.

फोटो कसा येतो ते मला कधी दिसत नाही. मला फक्त त्याचा आवाज जाणवतो. नंदिनी खटका दाबते, वरून 'टक्' असा एक बारीक ठोका माझ्या डोक्यातून पायांत उतरतो आणि पायांतून मातीत जातो. तेवढ्या एका ठोक्यापुरती मी कुठंतरी जाऊन येते. म्हशीच्या पाठीवरचं ऊन, घाटाच्या दगडावर उमटलेली आणि वाळत चाललेली ओली पावलं, धुराची एक रेघ, हे सगळं माझ्या अंगातून वाहत जातं. तुम्ही त्याला स्वप्न म्हणाल. मी उभ्यानंच झोपते, तेव्हा उभ्यानंच स्वप्नं बघणार ना?

आता बाळाबाईची गोष्ट सांगते. बाहत्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. हिवाळ्याचे दिवस. आम्ही कळंब्याच्या तलावाकडं निघालो होतो. वाटेत डाव्या हाताला एक रान लागलं, शाळवाचं, म्हणजे रब्बी ज्वारीचं शेत. शाळू अजून गुडघाभर होता. बांधावर बाभूळ, कोपऱ्यात विहीर, आणि विहिरीतून धुकं असं वर येत होतं की जणू तिथं कुणी चूल पेटवलीय. "थांबा, थांबा," नंदिनी कुजबुजली. मास्तरांनी मला बांधावर रोवलं.

झालं! पलीकडून एक बाई हातात खुरपं घेऊन धावत आली. काळीसावळी, उंच, कपाळावर हे एवढं कुंकू.

"ए बया! कुणी सांगितलं तुला हितं तिकाटणं रोवायला? आधी उपट त्ये! माझ्या रानात मोजणी चालायची न्हाय, सांगून ठेवते!" असं म्हणून तिनं माझा तारेचा पाय धरला आणि ओढला की हो!

"मावशी, मावशी, मोजणी नाही," नंदिनी कॅमेरा सांभाळत म्हणाली. "फोटो काढतोय नुसता."

"फोटू? कुणाचा? हितं हाय कोण?"

"धुक्याचा."

बाई थांबली. विहिरीकडं बघितलं, नंदिनीकडं बघितलं, मग मास्तरांकडं. "धुक्याचा?" ती म्हणाली. "मास्तर, बाईस्नी बरं हाय न्हवं?"

मास्तर खो खो हसले. हीच बाळाबाई. मंगळवार पेठेत डोक्यावर भाजीची पाटी घेऊन यायची, म्हणून मास्तरांचं घर तिला ठाऊक होतं, फक्त धुक्यात ओळख पटली नव्हती. खुरपं खाली गेलं आणि मेथीची जुडी वर आली, नंदिनीच्या ओटीत. मी मात्र अजून थरथरत होते. मोजणीची तिवई आहे, हे माझ्या अंगावर लिहिलेलं असतं का, असं मला वाटून गेलं, आणि फार वाईट वाटलं.

"मावशी, तुमचा काढू एक?" नंदिनीनं विचारलं.

"माझा नगं," बाळाबाई म्हणाली. रानावरून हात फिरवावा तशी तिनं नजर फिरवली. "काढशील तर माझ्या रानाचा काढ. पुढल्या साली हितं घरं हुणार म्हणत्यात. गाव वाढत चाललंय न्हवं. ह्यो शेवटचा शाळू. मी जाणार लेकीकडं, पेठ वडगावला."

"मग आत्ताच काढते," नंदिनी म्हणाली आणि कॅमेऱ्याकडं वळली.

"आत्ता? ह्या अवतारात?" बाळाबाईनं कॅमेऱ्यापुढं आडवा हातच धरला. "माणसं फोटूला जाताना न्हाऊन-माखून, नवं नेसून जात्यात. आन् माझं रान असं बोडकं काढतीस व्हय? कणसं भरू देत. रान कसं डुलाय लागलं पायजे. मग काढ, बाई. तवर दम धर."

रानानं नटायचं म्हणून थांबायचं! नंदिनीला हे इतकं पटलं की तिनं बाळाबाईचा हात हातात घेतला. तिचा कापणारा हात बाळाबाईच्या राकट हातात गेला आणि निमूट झाला. "कणसं भरली की येते. नक्की येते," ती म्हणाली. सायकलवरून परतताना तिनं मास्तरांना सांगितलं की रोल आता पुरा करायचा नाही, त्यातले शेवटचे फोटो बाळाबाईच्या रानासाठी राखून ठेवायचे.

आता ऐका काय झालं ते. मास्तरांच्या शिकवणीचं नाव झालं होतं. शिष्यवृत्तीची परीक्षा जवळ आली, पालक घरी येऊन बसायला लागले, "मास्तर, रविवारी पण घ्या की तास." मास्तरांना नाही म्हणता येत नसे. पहिला रविवार गेला. नंदिनी पहाटे उठून, आवरून, मला दाराशी उभी करून बसली होती.

"अहो, कळंब्याला जायचं होतं."

"अगं जाऊ की पुढच्या रविवारी. रान काय पळून जातंय?"

पुढच्या रविवारी शाहूवाडीचे पाहुणे आले. त्याच्या पुढच्या रविवारी पेपर तपासायचे होते. मग संक्रांत आली. प्रत्येक वेळी नंदिनी विचारी आणि प्रत्येक वेळी मास्तर चष्मा पुसत, अगदी मायेनं म्हणत, "रान काय पळून जातंय?" गंमत बघा, याच मास्तरांनी उन्हाळ्यातल्या महाबळेश्वरच्या सहलीची तयारी आत्तापासून केली होती. तिकडं जायला वेळ कुठून आला? तर तो काढून ठेवला होता. कळंब्यासाठी कुणी काढून ठेवत नाही. जवळच तर आहे, कधीही जाता येईल! मित्रांनो, 'कधीही' हा वार पंचांगात नाही. मी एवढी वर्षं उभी आहे, मी तो कधी उगवलेला बघितला नाही.

एका रविवारी नंदिनी एकटीच निघाली. मला खांद्यावर टाकलं, कॅमेरा गळ्यात घातला. मी हलकी नाही, सागवानी आहे. पेठेच्या कोपऱ्यापर्यंत आलो तोवर तिला दम लागला, हात असा कापायला लागला की मी तिच्या खांद्यावरून घसरले. कोपऱ्यावरच्या पानवाल्यानं विचारलं, "काय वहिनी, कुणाच्या घराची मोजणी?" ती मला टेकवून थोडा वेळ उभी राहिली आणि परत फिरली. घरी आल्यावर तिनं मला कोपऱ्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्यावर ओला पंचा वाळत पडला होता. त्या दिवसांत मला स्वप्नं पडेनाशी झाली. नुसतं पाणी ठिबकायचं पायांवर.

माघ आला. एका संध्याकाळी मास्तरांची शिकवणी भरली होती. सतरंजीवर पोरं दाटीवाटीनं बसलेली, मास्तर फळ्यावर काळ, काम, वेगाचं गणित घालत होते. आणि दारातून बाळाबाई सरळ आत आली. चपला दारात, पाटी ओट्यावर. पोरांच्या मधून वाट काढत ती मास्तरांच्या टेबलापाशी गेली आणि पदराखालून काढून तिनं टेबलावर शाळवाचं एक कणीस ठेवलं. मोत्यासारखे दाणे, टच्च भरलेलं.

"मास्तर," ती म्हणाली, "कणसं भरली. रान न्हाऊन-माखून बसलंय वाट बघत. तुम्ही काय येतासा न्हाय. आन् उद्या सकाळी मोजणी हाय."

आतल्या दारात नंदिनी येऊन उभी राहिली होती. ती रडत नव्हती, पण मला तिचा चेहरा ओळखीचा वाटला. बांधाबांधांवर मी तो बघितला होता. तो इथं, या घरात, मला नको होता हो.

मास्तरांनी कणीस उचललं. बराच वेळ ते हातात फिरवत राहिले. मग खडू खाली ठेवला. "उद्या सकाळची शिकवणी नाही," ते म्हणाले. पोरांनी केवढा गलका केला! पण मास्तर हसले नाहीत. ते कोपऱ्यात आले, माझ्या डोक्यावरचा पंचा काढला, आणि आपल्या धोतराच्या सोग्यानं माझी पितळी चकती पुसायला लागले. पुसताना नंदिनीकडं बघायचं धाडस त्यांना होत नव्हतं. "चुकलंच माझं," ते एवढंच म्हणाले, आणि ते मला सांगत होते की तिला, ते तिला बरोबर कळलं.

सकाळी आम्ही पोचलो तेव्हा धुकं इतकं दाट होतं की रानच दिसेना. फक्त वास येत होता, ओल्या मातीचा आणि भरल्या कणसांचा. कुठूनतरी गुऱ्हाळाचा गोड धूरही येत होता. बांधावर बाळाबाई उभी होती. हिरवं नवं लुगडं, नाकात नथ. फोटोत स्वतः येणार नव्हती, तरी नटली होती. "रान नटलंय, मग मालकिणीनं कसं ऱ्हावं?" ती म्हणाली.

आणि मग मला ती दिसली. रानाच्या पलीकडच्या कोपऱ्यात, धुक्यात, तीन पायांवर उभी. नवीकोरी, तरणीताठी. माझीच जात. तिच्याभोवती टोपी घातलेला मोजणीदार, साखळी धरलेली दोन माणसं, आणि शेजारपाजारचे चार शेतकरी. त्यांचे चेहरे कसे होते ते मी सांगायला नको. मला एकदम माझं तरुणपण आठवलं. त्या पोरीला मला ओरडून सांगावंसं वाटलं, बाई गं, हे असंच नसतं, चेहरे उमलतात पण! पण आम्हांला तोंड कुठं असतं?

बाळाबाई तरातरा रानातून चालत गेली. "पावणं," तिनं मोजणीदाराला सांगितलं, "ते तुमचं तिकाटणं जरा बाजूला घ्या. आधी माझं तिकाटणं हुभं ऱ्हाणार हाय. मग तुमचं काय मोजायचं ते मोजा."

माझं तिकाटणं! ऐकलंत ना? जिनं मला उपटायला खुरपं उगारलं होतं, तिनं मला 'माझं' म्हटलं. आजवर मला कुणी तसं म्हटलं नव्हतं, आणि मला इतका आनंद झाला की सागवान असूनसुद्धा मी हलले असेन.

मोजणीदार माणूस बरा होता. त्यानं आपली तिवई उचलून घेतली, विडी पेटवली आणि तो वाट बघायला लागला. मास्तरांनी मला रोवलं. पण माती ओली होती, आणि माझा तारेचा पाय खचायला लागला. एकदा सारखा केला, परत खचला. तेव्हा बाळाबाई नव्या लुगड्यानिशी चिखलात गुडघे टेकून बसली आणि तिनं तो पाय दोन्ही हातांनी धरला. घट्ट. "काढ आता, बाई," ती म्हणाली.

पण नंदिनी खटका दाबेना. ती धुक्याकडं बघत होती. वेळ चालला. मोजणीदाराची विडी संपली. त्यानं घड्याळ बघितलं. "मास्तर, उरका की. आम्हांला अजून दोन रानं उरकायची आहेत."

"अहो, जरा थांबा," मास्तर सवयीनं म्हणून गेले, "रान काय पळून जातंय?"

शब्द तोंडातून गेले आणि मास्तर जागच्या जागी थिजले. साखळी धरलेल्या माणसांनीसुद्धा माना खाली घातल्या.

"जातंय की, मास्तर," बाळाबाई म्हणाली. रागानं नाही. माझा पाय धरून, खाली मातीकडं बघत, जेवायला वाढलंय असं सांगावं तितक्या साधेपणानं.

आणि त्याच वेळी धुकं हललं. ते वर नाही गेलं, ते बाजूला झालं. विहीर दिसली, बाभूळ दिसली, आणि मग बांधापासून बांधापर्यंत सगळा शाळू, डोक्यावर दवाचे थेंब घेतलेला, उन्हाच्या पहिल्या तिरिपेत सावकाश डुलायला लागला. अगदी तिनं सांगितलं होतं तसा.

टक्.

तो ठोका माझ्या डोक्यातून उतरला, तारेच्या पायात आला, बाळाबाईच्या तळहातांतून गेला आणि मातीत शिरला. मी कुठंतरी जाऊन आले. पण या खेपेला एकटी नव्हते.

महिनाभरानं आम्ही पेठ वडगावला गेलो, बाळाबाईच्या लेकीच्या घरी. मास्तरांनी फोटो मोठा करून, काच बसवून घेतला होता. मलाही बरोबर नेलं होतं, काम नसताना, नुसतं भेटायला. नंदिनीचा हट्ट. बाळाबाई दारात दोरखंड वळत बसली होती. तिनं हात लुगड्याला पुसले, फोटो घेतला, उजेडाकडं धरला. बोट काचेवर टेकवत ती बघत गेली. "ही माझी हीर. ही बाभळ. ह्यो बांध, हितं माझी सासू बसायची." मग डोळे वाहायला लागले, पण तोंडावर हसू होतं. फोटो उराशी धरून ती मास्तरांकडं वळली.

"मास्तर," ती म्हणाली, "आता पळून दाव म्हणावं त्येला!"

मास्तरांनी तोंड रस्त्याकडं फिरवलं आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

त्या रानात आता वसाहत आहे. चांगली घरं आहेत, गॅलऱ्यांतून तुळशी आहेत, लोक सुखानं राहतात. विहीर कुठं होती ते फक्त मला आणि नंदिनीला सांगता येईल. ऐंशी साल मागं पडलं, नवे छोटे कॅमेरे आले, रंगीत फोटो आले. त्यांना तिवई लागत नाही. माझ्या लाकडाला भुंगा लागलाय, अणी गंजल्यात. पण रविवारी पहाटे मास्तर मला अजून बाहेर काढतात. शिकवणी त्या दिवशी नसते, कुणी कितीही गळ घातली तरी नसते. सायकल चालवणं आता त्यांना जमत नाही, म्हणून आम्ही चालत रंकाळ्यापर्यंतच जातो. नंदिनी खटका दाबते, मी कुठंतरी जाऊन येते, आणि परतताना आम्ही कट्ट्यावर थांबतो. मास्तर फेसाळ दूध पितात. मिशीला लागलेला फेस नंदिनी पदरानं पुसते.

मित्रांनो, माझं एक ऐका. घरात माझ्यासारखी एखादी जुनी वस्तू कोपऱ्यात उभी असेल तर तिच्यावर ओले कपडे घालू नका. तिला तेलाचं बोट लावा, धूळ झटका आणि तिला घेऊन बाहेर पडा. लांब जायला नको. गल्लीच्या टोकाला जा, ओढ्यापर्यंत जा, जिथं रोज जाताय तिथंच एकदा जाऊन उभे राहा. तेवढा वेळ आपण होऊन येत नाही, तो ओढून काढावा लागतो. आणि घरातलं कुणी चष्मा पुसत, अगदी मायेनं तुम्हांला म्हणालं की जाऊ की पुढच्या रविवारी, ते काय पळून जातंय, तर भांडू नका, चिडू नका. बाळाबाईसारखं साधेपणानं त्यांना सांगा:

"जातंय की."